आंबिलीची सरासरी

अकरा एप्रिल, शुक्रवार. आभाळ कोरडं ठणठणीत, वारं पडलेलं, सकाळी नऊलाच सदतीस... नाही, थांबा, असं घड्याळाकडं बघू नका, हवामान मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण आंबिलीची गोष्ट हवामान सांगितल्याशिवाय सांगताच येत नाही, आणि नेमकं हेच त्या आंबीलवाल्या पप्पूला पटत नाही! म्हणतो, "काका, हवामानाचा काय संबंध? चव तीच हाय!"

चव तीच हाय म्हणे! अरे, आंबील म्हणजे काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे का?

मी शांत माणूस आहे, तुम्हाला सांगतो. पूर्ण्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सव्वीस वर्षं काढली, लोकांची कोंबड्यांची खुराडी सिकंदराबादला जायच्या ऐवजी अकोल्याला गेली तरी मी आवाज चढवला नाही. पण त्या शुक्रवारी मी स्टेशनाच्या रस्त्याला गेलो, नेहमीच्या लिंबाखाली उभा राहिलो, हात पुढं केला, आणि हातात काय आलं? बाटली! प्लास्टिकची! गार! आणि मडकं? मडक्याच्या जागी फ्रीज! मी म्हटलं, पप्पू, मडकं कुठाय? तर म्हणतो, "रिटायर केलं, काका."

रिटायर! मला अजून चार वर्षं आहेत, आणि मडकं रिटायर!

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या आंबिलीचं काय एवढं? तर ऐका. ज्वारीचं पीठ मडक्यात भिजवून आंबवायचं, सकाळी ते शिजवायचं, गार झालं की त्यात ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. झाली आंबील. झाली ना? नाही झाली! हे सगळ्यांच्याच घरी होतं. पप्पूची आई सुलाबाई, तिची आंबील वेगळी, कारण तिच्या मडक्याच्या तळाशी कालचं आंबलेलं चार बोटं शिल्लक असायचं, त्यातच आजचं पीठ पडायचं, आणि कालच्याच्या तळाशी परवाचं, असं करत करत ते पार तिच्या सासूच्या सासूच्या हातापर्यंत जायचं. मडकं आतून कधी घासायचं नाही. नुसतं पाण्यानं विसळायचं. ते मडकं, तुम्हाला सांगतो, जिवंत होतं! कान लावला तर आत कुजबुज ऐकू यायची. आणि जिवंत म्हटल्यावर मूड आलाच की! मेच्या उन्हात अशी आंबट, की उजवा डोळा आपोआप मिटायचा. दिवाळीच्या थंडीत मवाळ, नव्या सुनेसारखी. नवी ज्वारी आली की आठ दिवस गोडसर. आभाळ आलं की जरा रुसलेली. मी रोज ऑफिसला जाताना एक ग्लास प्यायचो आणि वहीत लिहायचो. हवामान, आंबटपणा दहापैकी किती, दाटपणा, लसूण. अकरा वर्षं. रविवारसुद्धा. आमची रोहिणी म्हणायची, "आवो, माझ्या सैपाकाची कधी अशी वही केली न्हाई तुमी." मी म्हटलं, तुझी चव रोज तीच असते. मी कौतुकानं म्हटलं होतं! त्या दिवशी मला चहा मिळाला नाही, ते सोडा.

तर पप्पू. पोरगा वाईट नाही, हे मी आधी सांगतो. डी.एड. करून बसलेला, नोकरी नाही, आईच्या गाड्यावर उभा राहिला, आणि डोक्यानं तल्लख. म्हणाला, आई, आपली आंबील बोरीला न्यायची. देवगाव फाट्यावर ठेवायची. तिथं किती गाड्या थांबतात! मीच म्हटलं, शाब्बास! हो, मीच! आंबील लोकांपर्यंत पोचावी असं मला वाटत होतं, मी काय शत्रू होतो का तिचा? मग त्यानं बाटल्या आणल्या, मडक्यातली आंबील भरली, बुचं घट्ट लावली, आणि बोरीच्या जीपमध्ये मागं रचली. उन्हाळा. दुपार. जिवंत आंबील, वर घट्ट बूच. काय होणार? झिरो फाट्याच्या पुढं पहिली बाटली उडाली! मग दुसरी! मग सगळ्यांना एकदमच हौस आली! जीपमध्ये एक नवरदेव होता हो, हळदीला निघालेला. बिचारा आंबील लागूनच उतरला. त्याची आत्या पप्पूला म्हणाली, "मेल्या, ही आंबील हाय का सुरुंग?"

तिथं पप्पूनं धडा घेतला. आणि चुकीचा घेतला! तो म्हणाला, आंबील जिवंत असते हाच प्रॉब्लेम हाय. मग काय, कर्ज काढून देवगाव फाट्याला शेड टाकलं, स्टीलच्या टाक्या बसवल्या, आंबील अशी उकळायची की तिच्यातलं सगळं कुजबुजणारं मुकं झालं पाहिजे. आंबटपणा गेला? मग लिंबूसत्व टाका! दाटपणा गेला? तांदळाचं पीठ टाका! लसूण? लसणाची पावडर! वर लिहिलं, सहा महिने टिकते. अहो, जी आंबील सहा महिने टिकते ती मुळात गेलेलीच असते, तिला काय टिकायला लागतंय! पण पप्पू काय म्हणतो? "काका, चव तीच हाय!"

आणि बाटलीवर सुलाबाईचा फोटो. हसणारी, नाकात नथ, हिरवं लुगडं. सुलाबाईनं जन्मात नथ घातली नाही. तिनं ती बाटली हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि मला विचारलं, "दादा, ही कोण म्हणायची?"

आता खरी गोष्ट ऐका. म्हणजे ही मी सांगणार नव्हतो, पण सांगतो. मी पप्पूला विचारलं, ही अशी पचपचीत चव तू काढलीस कुठून? आमच्या मडक्याची ही कधीच नव्हती. तर तो मोबाईल काढून म्हणतो, "काका, तुमच्याच वहीतून! तुमी वही दिली होती की मला मागच्या वर्षी. मी अकरा वर्षांचे आकडे टाकले, सरासरी काढली. आंबटपणा पाच पॉइंट आठ. दाटपणा सहा. लसूण चार. एकदम परफेक्ट. तुमचंच हाय हे सगळं!"

सरासरी! तुम्हाला सांगतो, मी वही आठवून आठवून पाहिली, मग घरी जाऊन पानन् पान पाहिलं. अकरा वर्षांत एकाही दिवशी आंबटपणा पाच पॉइंट आठ नव्हता! एकाही दिवशी! जी आंबील कधी झालीच नाही ती पप्पूनं बाटलीत भरली, आणि भरायला कुणी लावलं? माझ्या अक्षरानं!

मला राहवेना. भाच्याला फोन लावला. आमचा सिद्धोधन, बहिणीचा मुलगा, तिकडं इंग्लंडात दवाखान्यात नर्स आहे. म्हटलं, बाबा, मन मोकळं करायचंय. सगळं सांगितलं. तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "मामा, हितंबी तेच चालूय!" म्हटलं, तिथं कुठली आंबील? म्हणाला, "आंबील न्हाई, बिअर. जुन्या वळणाची, एल म्हणतात तिला. पिंपात जिवंतच असते ती, तळघरात ठेवतात, फार गार करत न्हाईत, हातानं पंप मारून ग्लासात काढतात. प्रत्येक गावाची वेगळी. मग भट्टीवाला मोठा होतो, गावातली भट्टी बंद करतो, लांब कुठंतरी कारखान्यात करतो, गाळतो, गॅस भरतो, गार करतो. नाव तेच, बाटलीवर जुन्या भट्टीचं चित्र तेच. आन मामा, म्हातारे कोपऱ्यात बसून तुमच्यासारखेच कुरकुरतात." मी म्हटलं, आणि भट्टीवाला काय म्हणतो? तर म्हणतो, "चव तीच हाय. फक्त इंग्रजीत."

मग माझ्या लक्षात आलं. म्हटलं, सिद्धोधन, पंचशील घेतलेलं पोरगं तू, दारूला शिवायचं नाही, हे पाचवं शील माहिताय ना? एवढी बारीकसारीक माहिती तुला कशी काय? तर म्हणतो, "मामा, आवाज तुटायलाय..." चांगला येत होता आवाज!

पण जाता जाता एक बोलला. तिथल्या म्हाताऱ्यांनी संघटना काढली म्हणे, जुनी एल वाचवायला, आणि काही काही भट्ट्यांनी ऐकलंसुद्धा. संघटना! मी लगेच बारा तारखेला, शनिवारी सकाळी, बैठक बोलावली. आमच्या ओट्यावर. अध्यक्ष मी, सचिव मी, आणि समोर व्यंकटराव, शेजारचे, दुधाचा धंदा. म्हटलं, व्यंकटराव, आपली परीक्षा परवाच आहे, सोमवारी. चौदा एप्रिल. जयंतीला आपल्या गल्लीचा स्टॉल बावीस वर्षं सुलाबाईच्या मडक्यावर चालतो. उन्हातान्हात खेड्यापाड्यांतून माणसं येतात, म्हाताऱ्या अनवाणी येतात, त्यांना आपण ती मेलेली सरासरी पाजायची? व्यंकटराव म्हणाले, "खरंय." मी म्हटलं, मग ठराव? म्हणाले, "ठराव करा. पण च्या कधी हाय?"

तर गेलो सुलाबाईकडं. ती दारात बसून तीळ निवडत होती. म्हटलं, सुलाबाई, निदान जयंतीपुरतं तरी मडकं लावा. एक दिवस. तिनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी आणणार. म्हणाली,

"नागसेनदादा, तुमी अकरा वर्षं वही लिवली. चव लिवली, ऊन लिवलं, पाऊस लिवला. माझा खांदा कुटं लिवला का?"

मी सुपातला एक खडा वेचला.

"पहाटं चारला उठून ढवळायचं. लग्न झालं तवापासून. दुखणं असू द्या, बाळंतपण असू द्या, मडक्याला सुट्टी न्हाई. काल आन आज, पैल्यांदा मी सहाला उठलेय दादा. सहाला! चिमण्या वरडतेत ते आता कळायलंय मला. चव बदलली म्हणता? बदलली असंल. मला लय गोड लागायलीय."

मी वहीत पाहिलं हो नंतर. खांदा कुठंच नव्हता.

मग ती आत गेली आणि मडकंच घेऊन आली. तळाशी चार बोटं शिल्लक, झाकण लावलेलं. म्हणाली, "घ्या. तुमाला एवढी हौस हाय तर तुमीच लावा. उद्या सांजंला पीठ टाका, परवा शिजवा." मी ते मडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून भर बाजारातून आणलं, पाळणा आणल्यासारखं! लोकांनी विचारलं, काय आहे? मी म्हटलं, सासूची सासू आहे, वाट द्या! मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं, आणि पीठ आणायला गेलो. जुन्या वाणाची दगडी ज्वारीच पाहिजे, म्हणून तीन गिरण्या पालथ्या घातल्या. दीड तास. परत आलो.

मडकं उन्हात पालथं.

रोहिणी म्हणाली, "आवो, काय घाण वास हो त्याला! आतून बुळबुळीत लागायलंतं. राख लावली, चिंच लावली, तारेच्या घासणीनं खरवडलं, तवा कुटं निघालं. आता बघा कसं लखलखायलंय. दुसऱ्याचं मडकं आपल्या घरात असं ठेवायचं का? लोक काय म्हणतील?"

मी खाली बसलो. सासू, सासूची सासू, तीन पिढ्या मोरीतून वाहून गेल्या होत्या, आणि तिनं ते प्रेमानं केलं होतं हो, माझी अब्रू राखायला! मी शांत माणूस आहे. मी फक्त विचारलं, पाणी कुठं गेलं? म्हणाली, "गटारीत. का?"

धावत सुलाबाईकडं. तिच्याकडं एक थेंब नाही. पप्पूला फोन केला, तो शेडवर. म्हटलं, जुनं आंबवण कुठं थोडंसं? म्हणाला, "काका, टाक्या रोज वाफेनं धुतो आमी. सरकारी नियम हाय. एक बाटली देऊ का? चव..." मी फोन ठेवला.

हार मानली नाही! रविवारी संध्याकाळी लखलखीत मडक्यात पीठ भिजवलं, विरजणाचं दही घातलं, व्यंकटराव म्हणाले गूळ घाला, गूळ घातला, रोहिणी म्हणाली वर चादर गुंडाळा, गुंडाळली. वही समोर ठेवली, अकरा वर्षांची. कान लावला. काही नाही. परत लावला. त्या वहीत, तुम्हाला सांगतो, आंबील कशी लागली ते चार हजार वेळा लिहिलेलं आहे, कशी करायची ते एकदाही नाही. किती वेळ ढवळायचं? कुणाला माहीत! पहाटे चारला उठलो, ढवळलं. पाचलाही ढवळलं. सहाला माझा खांदा उचलेना.

चौदा एप्रिल, सोमवार. आभाळ निरभ्र, दुपारी बेचाळीस, वारं पश्चिमेचं, गरम. गल्लीचा स्टॉल वंदनेनंतर नऊ वाजता सुरू. एका टेबलावर पप्पूच्या बाटल्या, बाराशे. दुसऱ्या टेबलावर मी केलेली मडक्यातली आंबील, सोळा लिटर. मडक्यातले दोन ग्लास गेले. एक व्यंकटरावांनी घेतला आणि अर्धा परत ठेवला, एक मी घेतला. शेवटची बाटली एक वाजून पंचावन्न मिनिटांनी संपली. ती मी प्यायलो.