मामाला आऊट करायचं नाही

...आणि वर मलाच विचारतात, मामा, तुम्ही पोराला समजावलं का नाही? अहो, समजावून ऐकतो कोण? तुम्हाला सांगतो, आंबिवलीचा आमचा सर्वेश, माझ्या बहिणीचा मुलगा, बारावीला गणितात दोनदा आपटलेला, कोडिंगच्या क्लासला नऊ दिवस गेला आणि दहाव्या दिवशी क्लासवाल्यांनीच हात जोडले, तो म्हणे गेम डिझायनर होणार. कुठल्याशा व्हिडिओत एक दाढीवाला बोलला, 'गणित लागत नाही, कल्पना लागते.' झालं. सर्वेशला वाटलं, जगात आपल्याला ओळखणारा हा एकटाच.

त्याचे वडील पोपटशेठ, रेती-खडीवाले. म्हणाले, "कनाला पायजे ह्यो खेल? एक इंटरव्ह्यू दे. नय जमला तर गपचूप डेपोवर बसाचा." डेपोचं नाव काढलं की पोराचा चेहरा उतरायचा.

मग त्याने पुठ्ठ्यावर गेम बनवला. एक फासा, चार गावं, ती काबीज करायची. कॉम्प्युटरचे गेमही आधी असे कागदावर खेळून बघतात म्हणे. बरं, खेळायला माणसं कोण? तर त्याच्या बहिणीच्या, निशिगंधाच्या हळदीला जमलेले आम्ही नातेवाईक. आणि पहिल्याच डावात मी आऊट. आता तुम्हीच सांगा, भाचीच्या हळदीत मामा पहिला आऊट? मी उठून चपला घालायला लागलो. बहीण धावत आली, "अरे सर्वेश, मामाचा मान ठेव रे!" पोराने जागेवर नियम लिहिला, मामाला आऊट करायचं नाही. मग माझे जावई फुगले, त्यांना फासा दोनदा. कलावती आत्या म्हणाली, "मी काय परकी?" तिला हरलेलं गाव परत. कोणी हरलं नाही, सगळे खूश. सर्वेश माझ्या कानात म्हणाला, "मामा, बघितलं? गणित लागत नाही." डोळे भरले होते हो त्याचे. मीही मान डोलावली, माझं काय जातंय...

इंटरव्ह्यूला ठाण्याच्या गेम कंपनीतले तिघं खेळायला बसले. तास झाला, दीड झाला. संचिता मॅडम, तिथल्या साहेब, म्हणाल्या, "हा गेम संपतो कधी?"

सर्वेश म्हणाला, "जेवण वाढल्यावर."

हसले सगळे. शेजारच्या खोलीतल्यांना बोलावून पुन्हा वदवून घेतलं, पुन्हा हसले, आणि याला वाटलं, आवडला. मग मॅडमनी पेन दिलं, "प्रत्येकाची जिंकायची शक्यता किती, काढून दाखव." पोरगं पेन परत देत म्हणालं, "ज्याचा मान मोठा, त्याची जास्त."

"कोडिंग नाही येत? चालतं आम्हाला," मॅडम म्हणाल्या. "साधा हिशोब शिकवताही येईल. पण खेळात कोणीतरी हरावं लागतं, आणि तुला तर कोणाला नाराजच करता येत नाही. तुला घेऊन काय करू?"

संपलं. आता डेपोवर असतो. डंपर आला की टेप लावून लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजायची, गुणायची, शंभराने भागायचं, तेवढे ब्रास खडी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं गणित. काल धाकू ड्रायव्हर डंपर भरून खडी घेऊन आला, चार ब्रास; त्याला पैसे ब्रासवर मिळतात. सर्वेशने साडेचार सांगितले. पोपटशेठ ओरडले, "अर्धा कुठून आला रं?"

"पप्पा, धाकूकाका रुसले असते."

पोपटशेठ माझ्याकडे बघत राहिले. मी चहा पीत होतो. आपण काय बोलणार... आपल्याला अजून कोणी आऊट केलेलं नाही.