चिठ्ठीतला शेवटचा प्रश्न

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या हातात डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची चिठ्ठी होती.

"हा शेवटचा प्रश्न खोड गं."

"का म्हणून? स्तनाच्या कॅन्सरवरचं नवीन औषध आहे, आई. उपचार संपल्यावर देतात, दुखणं पुन्हा उलटू नये म्हणून."

"त्यानं सारखं पोट बिघडतं. शाळेची बस चालवते मी. तीस पोरं बसवून दर थांब्यावर संडास शोधत हिंडू?"

"थोडे दिवस रजा काढ."

"दोन वर्षं घ्यायच्यात त्या गोळ्या. आणि एवढं करून उपयोग होईलच असंही नाही."

"तुला गं कसं माहीत एवढं?"

"असतं माहीत."

"आई."

"मागच्या खेपेला तू गाडी लावायला गेली होतीस ना, तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं. घ्यायचं का ते ठरवून या म्हणाले."

"महिना झाला त्याला! आणि मला बोलली नाहीस?"

"तू लगेच हो म्हणाली असतीस."

"मग म्हणणारच ना!"

"म्हणून तर. केस आले, बस परत हातात आली. पोरं म्हणाली, मावशी, कुठं होतात इतके दिवस? मी म्हटलं, गावाला गेले होते. एक महिना मला बरी झालेली बाई म्हणून जगायचं होतं. रडतेस काय, नंबर येईल आता."

"खोडू का मग?"

"नको. तू विचार. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकेन."