सुभेदारांच्या हातातल्या कड्या

आमच्या साताऱ्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर नवा होता तेव्हाची गंमत सांगतो. सगळी माहिती टेपच्या रिळांवर असायची आणि रिळामागं प्लास्टिकची कडी बसवल्याशिवाय मशीन त्या टेपवरचं काही पुसत नसे. मशीनरूम सांभाळायचे एक रिटायर सुभेदार. सगळ्या कड्या ते बांगड्यांसारख्या हातात घालून फिरत आणि आम्ही मागं हसायचो.

एकदा आमच्यातल्या शशीनं जुनी टेप पुसायचा प्रोग्राम चालवला. कडी नव्हती, मशीन अडलं. शशी तणतणत आला, “आवं सुभेदार, द्या की कडी!”

“आदी टेपवरची चिठ्ठी मोठ्यानं वाच.”

शशीनं वाचली आणि घाईनं टेप उतरवली. चुकून त्यानं सगळ्या कामगारांच्या हजेरीची टेप चढवली होती.

आम्ही सुभेदारांच्या हाताकडं बघतच राहिलो. विचारलं, “कड्या अशा सोताजवळ ठेवायचं सुचलं कसं तुमाला?”

“पलटणीत बंदूक आन् गोळ्या एका खोलीत ठेवत न्हाईत, गड्या.”