अर्धा रोडगा

अवं, वजनासाठी ऑपरेशन करून माह्या जठराले पट्टा बसवला न, त्याच्यानंतर मी पहिल्यांदाच धामणगावले माहेरी गेली. आईनं हौसेनं कणकेचे जाड रोडगे भाजले. मी अर्धाच घेतला आन् ताटावर हात धरला.

"माही शपथ हाये तुले, अजून एक घे!"

"शपथ घाल नाही तं रड, आई. जास्त खाल्लं तं अडकते. मी नाही घेणार."

आई रुसली. बाकीचे जेवून उठले, मी आपली वरणात कुस्करून एकेक घास चावत बसली. शेवटी आई तिचं ताट घेऊन माह्यासमोर बसली.

"लगन झालं तवापासून सगळ्यायच्या मांगून एकटीच जेवत आली मी," थे म्हणे. "आज सोबत हाये. खाय, सावकाश खाय."