विमानतळाची बस आणि आमचे काका

माझं पयलंच विमान चुकता चुकता राहिलं, अन् ते बी आमच्या काकांमुळं. ऐका तर.

पाटोद्याहून विमानतळाला थेट बस सोडायची म्हणून मीटिंग झालती. एसटीचे साहेब म्हणले, "मधी थांबे नकोत, लोकांची विमानं चुकतील." तसे काका उठले, "मंग आमच्या वस्त्यांनी काय पाप केलंय? हात दाखवला की गाडी थांबलीच पायजे!" टाळ्या पडल्या अन् तसंच ठरलं.

गाडी सुरू झाली अन् मला दिल्लीत नोकरी लागली. काका सोडायला संगं आलते. दर फाट्यावर कुणीतरी हात दाखवायचं अन् गाडी थांबायची. शेवटी काका खिडकीतून वरडले, "हात खाली घ्या बे! पोरीचं विमान हाय!"

कंडक्टर म्हणला, "काका, मीटिंगमंदी तुमीच उठलता ना?"

काकांनी खिडकीची काच वढून घेतली.

पळत पळत विमानतळाच्या दारात पोचलो, तर कळलं, विमानच तासभर लेट हाय. माझ्या जीवात जीव आला. काका बाहेर कठड्यावर टेकले, घाम पुसला अन् म्हणले, "त्याला बी वाटंत कुणीतरी हात दाखवला असंल. भलं होवो त्याचं!"