एकसष्ट चिंचोके

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय सुदामराव, व्यासपीठावरच्या उपअभियंता हर्षाली मॅडम, शहापूर-मुरबाडचे माझे सहकारी, कंत्राटदार मंडळी, वैशाखऱ्याच्या अलीकडच्या वाडीतून मुद्दाम आलेले नवसूभाऊ, आणि जेवणाचा वास येत असूनही शांत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. प्रणितने तर कमालच केली. म्हणाला, "साहेब म्हणजे आपल्या ऑफिसचा फॅक्टर ऑफ सेफ्टी!" टाळ्याही पडल्या. प्रणित, तू नवीन आहेस, तुझा दोष नाही. पण तेहतीस वर्षं हा शब्द मी वापरला, तेव्हा जाताना त्याचा अर्थ सांगून जाणं मला भाग आहे.

पुस्तकी अर्थ सोपा. साकवावर, ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, एका वेळी पन्नास माणसं येणार असतील, तर तो शंभरांना तोलेल असा बांधायचा. फॅक्टर दोन. मग वरची पन्नास कोणाची? कोणाचीच नाहीत! वाळूतली माती, कामातली हयगय, ओढ्याचा जोर, जे आपल्याला आधी कळत नाही त्याच्यासाठी ती राखायची. बियाण्याच्या भाताला घरातलं कुणी हात लावत नाही ना, तसं.

मी हात लावला. दोनदा लावला.

नवसूभाऊंच्या वाडीचा साकव माझ्याच देखरेखीखाली झाला. काम चालू असताना कंत्राटदार म्हणाला, "साहेब, गज थोडे बारीक घालतो. तुम्ही डबल धरलंय ना?" मी मान हलवली. त्याच्याकडून चहासुद्धा घेतला नव्हता हो. नुसता वाद घालायचा कंटाळा.

मग उद्घाटनाला नवसूभाऊंनी विचारलं, "साहेब, किती मानसां जातील यावरून?" मी खोबरं चघळत ऐटीत सांगितलं, "कागदावर पन्नास. पण शंभर नाचली तरी काय होत नाय."

तो शब्द त्यांनी देवाचा कौल मानला. वाडीतून लग्नाचं वऱ्हाड निघालं, तेव्हा हे साकवाच्या तोंडाशी उभे राहिले. आकडे लिहिता येत नाहीत, म्हणून माणसागणिक एक चिंचोका कमरेच्या पिशवीत. शंभर झाले की थांबवायचं. एकसष्टावा चिंचोका त्यांच्या लेकीचा, भिमीचा. करवली होती ती. वाजंत्री मधोमध थांबली, मंडळी नाचली आणि साकव खाली बसला. बाकीची जखमी होऊन वाचली. भिमी वाचली नाही.

अहवाल मी लिहिला. कारण, 'क्षमतेपेक्षा जास्त गर्दी'. पन्नासच्या जागी एकसष्ट, कागदावर खोटं काय होतं? पण वाडीत त्याचा एकच अर्थ लागला, की नवसूनं मानसां जास्ती सोडली, सोताची पोर मारली. सहा वर्षं झाली. दरवर्षी भातकापणी उरकली की हे येतात, माझ्या टेबलावर पिशवी ओततात. "मोजा ना साहेब. माजी मोजणी चुकली काय?" मी मोजतो, एकसष्ट म्हणतो, चहा मागवतो. पिशवी पुन्हा भरून त्यांच्या हातात देतो.

सुदामराव, चिठ्ठी मिळाली. दोनच मिनिटं.

नवसूभाऊ, उठू नका, बसूनच ऐका. तुमची मोजणी बरोबर होती. राखून ठेवलेलं मी एकदा कंत्राटदाराला दिलं, आणि तेच पुन्हा तुम्हाला दिलं. अहवाल दुरुस्त करावा म्हणून आज सकाळी मॅडमच्या टेबलावर माझा लेखी जबाब ठेवला आहे. त्याने भिमी परत येणार नाही. ओढ्यावर अजून ओंडकेच टाकलेले आहेत, पोरं त्यावरूनच शाळेत जातात, तेही मला ठाऊक आहे. तेहतीस वर्षांच्या नोकरीतून माझ्या हाती एवढंच उरलं.

आपण सर्वांनी कौतुक केलंत, त्याचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. साकवाचं मात्र घालू नका.

आणि नवसूभाऊ, ती पिशवी आजपासून माझ्याकडे द्या.