सैपाकघराची खिडकी

आंध्राचं राज्य होतं तवा, बेला गावाकडं एक मी, एक माहा नवरा अन् एक खोकणारी सासू राहत होतो. सैपाकघराची लाकडी खिडकी पावसानं फुगून बसली, उघडेच ना. धुरानं सासूचा जीव जाऊन राह्यला होता, म्हणून आमी ती काढून टाकली.

सागाची करायले निघालो, तर जंगलवाले साहेब आले. "लाकडाचा परवाना?"

मंग दोन बकऱ्या विकून लोखंडी आणली. पंचायतीचा बाबू म्हणे, "झडप गल्लीत उघडते. मंजुरी आणा."

आमचे हे म्हणाले, "अन् नुसतं भोक ठेवलं तं?"

बाबूनं लय विचार केला. "भोकाचा कायदा नाई."

लोखंडी गोठ्याले लावली, भोक तसंच ठेवलं. धूर गेला, खोकला गेला, अन् सासू मले नावं ठेवायले पुन्हा खणखणीत झाली. एवढं सुख आमाले सरकारनंच दिलं.